जुनी ऐरण घ्यायची, ओळखायची आणि जपायची कशी (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी)

गेल्या नऊ वर्षांत माझ्याकडे लहानमोठ्या अकरा ऐरणी जमल्यात. चार इंग्लंडच्या, एक स्वीडनची, बाकी आपल्याकडच्याच, आणि त्यातली एक मी स्वतः खराब केलेली, तिची गोष्ट पुढे येईलच. मी उद्यमबागेत फाउंड्रीत पॅटर्नचं काम करतो, त्यामुळे ओतीव लोखंड म्हणजे काय ते मला कळायचं, पण घडीव ऐरण हे वेगळंच प्रकरण निघालं आणि ते शिकायला मला बरेच पैसे आणि बऱ्याच चुका लागल्या. आता ओळखीतली दोन-तीन पोरं जुन्या ऐरणी शोधत फिरायला लागलीत, त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी भागांची नावं ठरवून घेऊ म्हणजे गोंधळ नको. वरची सपाट बाजू म्हणजे माथा, पुढचं निमुळतं टोक म्हणजे शिंग (काही लोहार चोच म्हणतात), मागचा बाहेर आलेला भाग म्हणजे शेपूट, मधला बारीक भाग कंबर आणि खाली पाय. शेपटाकडे माथ्यावर एक चौकोनी भोक असतं, त्यात खालची हत्यारं उभी करतात, आणि शेजारी एक छोटं गोल भोक, ते घोड्याच्या नालाला भोकं पाडताना सुंबा खाली जायला. हे सगळं इंग्लिश घाटाच्या ऐरणीला लागू. आपल्या खेड्यातली अस्सल जुनी ऐरण याहून साधी, म्हणजे लोखंडाचा चौकोनी ठोकळा, शिंग नाही भोक नाही, निम्मा लाकडात बसवलेला आणि ते लाकूड जमिनीत पुरलेलं, कारण आपला लोहार बसून काम करायचा, उभ्याने नाही. नवीन माणसं शिंगवाली ऐरण शोधत या ठोकळ्यावरून पाय टाकून पुढे जातात. मला विचाराल तर या भागाचा इतिहास त्या ठोकळ्यातच जास्त आहे, आणि किमतीनेही तो परवडतो, तेव्हा सुरुवात त्यानेच करा. सोनाराची मूठभर ऐरण मिळाली तरी सोडू नका, ती कपाटातसुद्धा मावते.

कुठे शोधायची

भंगाराच्या दुकानात तर जायचंच, बेळगावात, निपाणीत, गोकाकात, संकेश्वरात सगळीकडे भंगारवाले आहेत आणि मशीनशॉप बंद झालं की तिथला माल त्यांच्याकडेच येतो. त्यांना नंबर देऊन ठेवा, ऐरणीचा मोबाईलवरचा फोटो दाखवून ठेवा, नाहीतर ती थेट वितळायला जाते, आणि हे मी अंदाजाने बोलत नाही, दोनदा मी संध्याकाळी पोचलो आणि ऐरण दुपारीच गाडीत भरून गेलेली होती.

पण खरा माल गावात आहे. पूर्वी फाळ शेवटायला (टोक ठोकून धार काढायला), कुळवाच्या फासा आणि बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायला गावागावात लोहार लागायचा. पुढे लोखंडी नांगर आला (किर्लोस्करांचा नांगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बेळगावातच तयार झाला, १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला), मग ट्रॅक्टर आला, बैलगाडीला रबरी टायर आले, आणि एकेक भट्टी थंड पडत गेली. ऐरण मात्र जड, कोण हलवणार, म्हणून ती गोठ्यात नाहीतर परड्यात तशीच पडून असते. वर कधी गुरांचं वैरणीचं ओझं, कधी धुण्याचा दगड म्हणून वापर.

बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडच्या गावात ऐरण म्हटलं तर सगळ्यांना कळेलच असं नाही, कन्नडात तिला अडिगल्लु म्हणतात आणि लोहाराला कंबार. "हळे अडिगल्लु ऐतेन्री?" एवढं वाक्य पाठ करा, निम्मं काम तिथेच होतं. उलट खानापूर, निपाणीकडे मराठीत विचारा की, पण घाईत विचारू नका, आधी बसा, चहा घ्या, अज्जा काय काम करायचे ते ऐका.

एक गोष्ट मी कधीच करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या लोहाराची भट्टी अजून पेटते त्याची ऐरण विकत मागायची नाही. पैशाची नड असेल तर तो देऊनही टाकेल, पण उद्या तो कशावर ठोकणार. शिवाय घरातला एक माणूस विकायला तयार आणि म्हातारी नको म्हणते, असं असेल तर सरळ उठून यायचं. ज्या वस्तूची खंडेनवमीला पूजा होते ती भांडण करून आणायची नसते. आणि अमावस्येला तर जाऊच नका, आमच्या भागात त्या दिवशी जुने लोहार हत्यारालाच हात लावत नाहीत.

रुळाच्या तुकड्याच्या ऐरणी खूप मिळतात, वापरायला चांगल्याही असतात, पण तिथे सांभाळून. रेल्वेच्या मालाचा १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि रेल्वेचा माल बेकायदेशीरपणे बाळगणं हा गुन्हा आहे, म्हणून लिलावाची पावती नसेल तर तो तुकडा घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

घेण्याआधी कानाने आणि गोळीने तपासा

सोबत नेण्याचं सामान थोडंच आहे: खडू, टॉर्च, तारेचा ब्रश, सहा इंची पट्टी, एक छोटा हातोडा, एक कानस आणि बेअरिंगमधली एक इंची गोळी. गोळी ट्रक गॅरेजमध्ये फुकट मिळते, जुनं बेअरिंग फोडून देतात.

पहिल्यांदा आवाज. ऐरण लाकडाच्या तुकड्यावर चढवा, कारण ओल्या मातीत रुतलेली चांगली ऐरणसुद्धा मुकी वाटते, आणि हातोड्याने हलकेच माथ्यावर ठोकत शिंगापासून शेपटापर्यंत जा. घडीव ऐरण देवळातल्या घंटेसारखी वाजते. मध्येच कुठे आवाज भद्द झाला किंवा पत्रा थरथरल्यासारखा आला तर तिथे माथ्यावर जोडलेली पोलादाची प्लेट सुटलेली असण्याची किंवा चीर असण्याची शक्यता धरा. पूर्ण बिडाची (ओतीव लोखंडाची) ऐरण सगळीकडेच भद्द बोलते. याला एक अपवाद आहे, अमेरिकेतली फिशर नावाची ऐरण, बिडाच्या अंगावर पोलादाचा माथा ओतताना जोडलेली, ती वाजत नाही तरी उत्तम असते, तिच्या अंगावर गरुडाचं चित्र असतं. आपल्याकडे ती क्वचितच.

मग गोळी. पट्टी चार इंचांनी कमी पडते म्हणून मी एका काठीवर दहा इंचांच्या खुणा करून घेतल्यात. काठी माथ्यावर उभी धरायची, गोळी दहा इंचांवरून सोडायची (टाकायची नाही, फक्त बोटं उघडायची) आणि ती किती उडते ते बघायचं. दहा इंच का, तर सात इंच उडाली की सरळ सत्तर टक्के, हिशेब नको. सात-आठ इंच म्हणजे चांगली, नऊच्या आसपास म्हणजे फार चांगली, पाचच्या खाली म्हणजे माथा मऊ, नाहीतर बीड. पण एकाच ठिकाणी सोडून खूश होऊ नका, दर दोन इंचांवर सोडा. मध्यभागी गोळी आठ इंच आणि शेपटाकडे पाच असं असेल तर ती ऐरण कधीतरी आगीत सापडलेली असू शकते, घर जळालं, गोठा जळाला की माथ्याला दिलेलं पाणी (तापवून पाण्यात विझवून आणलेला कडकपणा) उतरतं, नाहीतर तिथलं पोलाद कुणीतरी घासून पातळ केलेलं असतं. गंज जाड असेल तर तेवढी जागा आधी ब्रशने साफ करा, गंजावर गोळी खोटं सांगते.

कानस कडेच्या कोपऱ्यावर हलकी ओढून बघा. घसरून गेली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. कडेवरच ओढायची, माथ्याच्या मध्यावर कुणाच्याही ऐरणीला ओरखडा काढायचा नाही.

कडा तुटक्या आहेत, मधे जरा खोलगट आहे, म्हणून सोडून देऊ नका. पट्टी आडवी ठेवून खाली तीन-चार मिलीमीटर फट दिसली तरी ती कामाची ऐरण आहे, वाकलेली सळी सरळ करायला उलट तो खोलगटपणा उपयोगी पडतो. सोडून द्यायची ती ऐरण म्हणजे जिची कंबर आरपार चिरलेली, किंवा माथ्याची प्लेट उचकटलेली. शिंग मोडलेलं असेल आणि बाकी सगळं ठणठणीत असेल तर भाव पाडून घ्या.

आणि हो, हल्ली नव्या बिडाच्या ऐरणी काळ्या करून जुन्या म्हणून विकतात. मधोमध साच्याची शिवण दिसते का बघा, अक्षरं ठोकलेली आहेत की उठावदार ओतलेली ते बघा. ओतीव सगळीच वाईट नाही, स्वीडनच्या ओतीव पोलादाच्या ऐरणी जगात नावाजलेल्या आहेत, म्हणून शेवटचा निकाल गोळीच देईल.

वय कसं काढायचं

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा जास्त लिहितो.

माझी तिसरी ऐरण खानापूर तालुक्यातल्या एका घरातून आली, तिच्यावर काही लिहिलेलं नाही असं घरचे शंभर टक्के सांगत होते. रात्री अंगणात दिवे बंद केले, टॉर्च कंबरेला जवळजवळ टेकवून तिरपा मारला, आणि सावलीत तीन आकडे उठले. त्यावरून खडू आडवा फिरवला, हाताने हलकं पुसलं, खड्ड्यात पांढरं राहिलं: १, मग २, मग १०. मला वाटलं कॅटलॉग नंबर असेल. तो असतो वजनाचा. जुन्या इंग्लिश ऐरणीवर पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड, दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंड, आणि तिसरा उरलेले सुटे पौंड. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, साधारण ८१ किलो. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर नेली, ७९ भरली, दीड-दोन किलो शंभर वर्षांच्या वापरात आणि गंजात गेलं. तेव्हा ही पहिली खात्री करा: आकड्यांचा हिशेब आणि काटा जुळला तर ती इंग्लिश मापाची ऐरण. मधला आकडा कधीच तीनच्या वर नसतो आणि शेवटचा सत्तावीसच्या वर नसतो, तसा वाचला गेला तर तुम्ही चुकीचा वाचलाय.

त्यानंतर नाव. आपल्याकडे दोन इंग्लिश नावं जास्त ऐकू येतात. पीटर राइट, गाव डडली, हिच्यावर पेटंट असा शब्द आणि गोल वर्तुळात सॉलिड रॉट अशी अक्षरं असतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांवर एक छोटी सपाट पायरी असते, नाव पुसलं असलं तरी त्या पायरीवरून ओळखू येते. दुसरी माऊसहोल, शेफिल्डजवळच्या भट्टीतली, उशिराच्या काही नगांवर तर उंदराचं चित्रच ठोकलेलं आहे. इंग्लंड हा शब्द असेल तर बहुतेक १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखान्यांनी ठसे तसे करून घेतले. शब्द नाही म्हणून जुनी असं मात्र उलटं समजू नका, आपल्याकडे आलेला माल अमेरिकेला जाणारा नव्हता. स्वीडनच्या सोडरफोर्सचं काम सगळ्यात सोपं, पायावर सालच असतं.

नाव नसेल तर अंग बोलतं. साधारण १८३० च्या आधीच्या इंग्लिश ऐरणीला ते छोटं गोल भोक नसतं, शेपूट आखूड, अंग बुटकं असतं. कंबरेला आणि बुडाला इंचभर चौकोनी भोकं दिसली तर ती घडीव, तापलेला गोळा सांडशीने उचलणं शक्य नसायचं म्हणून त्या भोकात लोखंडी दांडा घालून फिरवायचे. माथ्याच्या खाली अर्ध्या इंचावर बाजूला एक बारीक रेघ दिसते, ती पोलादाची प्लेट आणि खालच्या लोखंडाचा जोड.

आपल्या भागाच्या म्हणून काही खास खुणा आहेत, त्या कुठे एकत्र लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत म्हणून इथे देतो. बेळगाव लष्करी गाव, त्यामुळे बाणाच्या टोकासारखं तीन रेघांचं चिन्ह असलेली ऐरण निघू शकते, तो ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का, शेजारी बऱ्याचदा साल असतं, घोड्यांच्या नालबंदीची असण्याची शक्यता जास्त. रेल्वेची अक्षरं असतील तर वय जवळजवळ हातातच येतं: सदर्न मराठा रेल्वे १८८२ मध्ये निघाली, १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिळून एम अँड एस एम (मद्रास अँड सदर्न मराठा) झाली, आणि १९५१ मध्ये सदर्न रेल्वे झाली. म्हणजे एम अँड एस एम अशी अक्षरं १९०८ ते १९५१ मध्येच कधीतरी ठोकलेली. लक्षात ठेवा, ते मालकीचं साल झालं, ऐरण त्याआधी बनलेली असू शकते. आणि अर्थातच अशा ऐरणीलाही कागद मागायचाच. आपल्याकडे बनलेल्या ऐरणीवर किलोमधला आकडा उठावदार असेल तर ती दशमान पद्धत आल्यानंतरची, कायदा १९५६ चा आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सगळीकडे सक्ती, त्यामुळे तिला कुणी ब्रिटिशांच्या काळातली म्हणून विकत असेल तर हात जोडून निघा.

साध्या ठोकळ्याचं वय आकड्यात निघत नाही. पण त्यावरसुद्धा भांड्यावर नाव घालतात तसं टिंबाटिंबांनी नाव घातलेलं सापडतं, कधी बाळबोध कधी कन्नड अक्षरात. घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे नाव तुमचं कोण. आजोबाचं निघालं तर तुमचं निम्मं काम झालं. हे सगळं एका वहीत त्याच दिवशी लिहा, गाव, घर, कोणी वापरली, काय काम करायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही विसरता.

शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा माहीत असू द्या, अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला कुणी जास्त पैसे देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

घरी आणताना

ऐंशी किलोची ऐरण दोघांनी उचलायची, एकट्याने कधीच नाही. खाली दोन पाइपचे तुकडे घालून लोळवत न्या, गाडीत ती आडवी पाडून दोराने बांधा, घाटात वळणावर ती सरकली की मागचा पत्रा फाडते. पायात बूट हवेत, चप्पल नको.

साफसफाई

इथे मी माझी चूक सांगतो. पहिली ऐरण, मध्ये जरा खोलगट, मला ती आरशासारखी सपाट हवी होती. एका वर्कशॉपमध्ये नेऊन मी सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं, त्यांचा काही दोष नाही. मध्याची खोली गाठायची म्हणजे दोन्ही टोकं चार-चार मिलीमीटर उतरवावी लागली, आणि पोलादाची प्लेट मुळात असते बारा मिलीमीटरच्या आसपास, त्यातही सगळ्यात कडक असतो तो वरचा थर. नेण्याआधी शेपटाकडे गोळी आठ इंच उडायची, आणल्यावर साडेपाच. दिसायला इतकी सुंदर की येणारा प्रत्येक जण हात फिरवतो, आणि तापलेली सळी ठोकली की माथ्यावर खड्डा पडतो. ते पोलाद परत आणता येत नाही. म्हणून सांगतो, माथा घासायचा नाही, मिलिंग नाही, ग्राइंडिंग नाही, बेल्ट सँडर पण नाही. कडेला धारदार खपली उचकटली असेल तर तेवढीच गोल करा, तीन ते सहा मिलीमीटर गोलाई, कारण धारदार कड तापल्या लोखंडाला कापते आणि स्वतः अजून तुटते.

माती आणि जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने काढा, मग तारेचा ब्रश, हाताचा. ग्राइंडरला कप ब्रश लावलात तर चष्मा लावाच, तारा सुटून उडतात. जुना रंग असेल तर जाळून काढू नका, त्यात शिसं असू शकतं आणि गॅसच्या आचेने माथ्याचं पाणीही उतरतं. माथा हाताला सोसणार नाही इतका तापेल असं काहीच करायचं नाही.

जाड गंजाला दोन उपाय. छोट्या ऐरणीला काकवी. आपला भाग उसाचा, गुऱ्हाळातून काकवी नाहीतर वितळवलेला काळा गूळ घ्या, एक भाग काकवी नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या टबात बुडवून आठवडाभर ठेवा, मग बाहेर काढून ब्रश मारा, उरलं असेल तर अजून आठवडा. उन्हाळ्यात लवकर होतं, वास मात्र भयंकर आणि मुंग्या-माश्या येतात, घरच्यांना विचारून मागच्या परड्यात ठेवा. बिडाच्या ऐरणीला फार दिवस ठेवू नका, ते बीडही खायला लागतं.

मोठीला बॅटरी चार्जरची पद्धत. दोनशे लिटरचा प्लास्टिक ड्रम, त्यात किलोभर धुण्याचा सोडा (मीठ अजिबात नाही, मिठाने क्लोरीन वायू होतो), भोवती भंगारातल्या साध्या लोखंडी पट्ट्या, मध्ये ऐरण, एकमेकांना न चिकटता. चार्जरची ऋण तार ऐरणीला, धन तार पट्ट्यांना. हे उलटं झालं तर गंजायची ती ऐरण गंजेल आणि पट्ट्या स्वच्छ होतील, म्हणून चालू करण्याआधी दोनदा बघा. पट्ट्या स्टेनलेसच्या नकोत, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बारा व्होल्टचा जुन्या धाटणीचा चार्जर लागतो, नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, जवळ बिडी-सिगारेट नको, आणि हात घालण्याआधी प्लग काढा. एक-दोन दिवसांत गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. बाहेर काढली की लगेच धुवा, लगेच पुसा, उन्हात ठेवा, नाहीतर तासाभरात परत पिवळी पडते.

एक थांबायची जागा पण सांगतो. सगळा काळेपणा काढायचा नाही. लालसर सुटणारा गंज काढायचा, खालची काळी-तपकिरी घट्ट कातडी राहू द्यायची. ती ऐरणीला जपते, आणि त्यातच हाताच्या, घणाच्या, वर्षानुवर्षांच्या खुणा असतात. कुणी चमकवलेली ऐरण मी बघतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

मग जवसाचं तेल. उकळलेलं म्हणून जे मिळतं ते घ्या, लवकर वाळतं. उन्हात कोमट झालेल्या ऐरणीवर फडक्याने अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून टाका, असे दोन-तीन हात. माथ्याला हे नको, तिथे साधं मशीन ऑइल. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती स्वतःहून तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

वेल्डिंगने कडा भरायच्या का, हे सगळेच विचारतात. नवख्याने नाही. थंड ऐरणीवर वेल्डिंग मारलं की टाक्याखाली चीर जाते आणि पुढे तुकडाच निघतो. करायचंच तर आख्खी ऐरण दोनशे अंशांच्या आसपास सारखी गरम करावी लागते, कमी हायड्रोजनचे कोरडे रॉड लागतात, आणि नंतर राखेत झाकून हळूहळू गार करावी लागते. हे रोज करणारा माणूस मिळाला आणि ऐरण रोज वापरायची असली तरच. संग्रहातली तुटक्या कडांची ऐरण तशीच ठेवा.

बुड आणि जागा

बुडाला चिंचेचा नाहीतर बाभळीचा ओंडका, वाळलेला, नसा उभ्या. ऐरणीची उंची धरून, शेजारी हात सोडून उभं राहिल्यावर मुठीची हाडं माथ्याला लागतील एवढी उंची उभ्याने काम करणाऱ्याला ठीक. ठोकळ्याची ऐरण असेल तर ओंडक्यात खाच करून बसवा आणि जमिनीलगतच ठेवा, ती तशीच वापरली जायची. मोकळ्या माथ्यावर घणाने रिकामं ठोकू नका, पोलादावर पोलाद आपटलं की कपचा उडून डोळ्यात जातो.

खानापूरकडे पावसाळा किती ते सांगायला नको. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी माथा तेलाच्या फडक्याने पुसायचा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुनं सुती धोतर नाहीतर पोतं टाका.

ती ८१ किलोची ऐरण ज्या घरातून आणली तिथल्या आजी दर खंडेनवमीला माझ्याकडे येतात. द्यायच्या वेळी त्यांनी एवढंच मागितलं होतं, पूजेला येऊ दे. मी आदल्या दिवशी ओंडका झाडून पुसून ठेवतो, आजी कंबरेवर पाच बोटं हळदीची ओढतात, कुंकू लावतात, माथ्यावर झेंडूचं फूल आणि लिंबू ठेवतात. पाणी, हळद, लिंबाचा रस यांनी माथ्यावर एका रात्रीत डाग धरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी माथा पुसून तेलाचा हात देतो, आणि कंबरेवरची पाच बोटं तशीच ठेवतो, वर्षभर.